व्याही, मी आणि मधलं अस्वल

जेवणाच्या टेबलावर शांतता पसरली की ती मोडायची जबाबदारी आपलीच, असं मला का वाटतं हे मला आजवर कळलेलं नाही. बाकीची माणसं शांतपणे बटाटे चिरत असतात. मी मात्र घसा खाकरतो आणि काहीतरी बोलतो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं अशीच सुरू झालेली आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही माझ्या होणाऱ्या व्याह्यांकडे पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. डॉक्टर ऑरिन लव्हीन. दातांचे डॉक्टर. उंच, शांत, हात अतिशय स्वच्छ. त्यांची पत्नी हेलन दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात ते आणि त्यांचा मुलगा कॉलिन, म्हणजे आमचा होणारा जावई. आमच्या बाजूनं मी, माझी बायको नोरीन आणि मुलगी कॅथलीन. भाजलेली कोंबडी छान झाली होती, हे सगळ्यांचं दोनदा सांगून झालं होतं. मग शांतता पसरली. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत ॲडिरॉन्डॅकचे डोंगर होते.

"काय डोंगर आहेत हो!" मी म्हणालो. "माणसानं एकदा तरी जाऊन राहायला हवं तिथं."

आता, कुणी ‘कसं काय’ विचारलं म्हणून आपण त्याला रक्तदाबाचा आकडा सांगत नाही. हे वाक्य त्याच जातीचं होतं. पण डॉक्टरांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "अगदी! अगदी माझ्या मनातलं बोललात."

एवढंच. बाकी सगळं मुलांनी केलं.

परतताना गाडीत कॅथलीन म्हणाली, "डॅड, तुला डोंगरांची इतकी आवड आहे हे तू कधी बोलला नाहीस!" मी घराच्याच पुढच्या खोलीत चष्म्याचं दुकान चालवतो. माझी सगळी हयात एका अंधाऱ्या खोलीत, लोकांना ‘आता जास्त स्पष्ट की आधी होतं ते’ असं विचारण्यात गेलेली आहे. पण मुलगी इतक्या कौतुकानं बघत होती की मी नुसतं "हं" म्हणालो.

त्या ‘हं’चं पुढच्या आठवड्यात लग्न झालं. म्हणजे असं, की लग्न सेंट ॲन चर्चच्या हॉलमध्ये व्हायचं ठरत होतं, ते आता लून तळ्याकाठच्या मोकळ्या गवतावर करायचं ठरलं. गाडीरस्ता संपल्यावर डोंगरातून दोन तास चालायचं, मग तळं. "तुम्हा दोघांना आवडतं म्हणून!" कॅथलीन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा अर्थ मी त्या वेळी भलताच लावला. नोरीनच्या मावशीला तिच्या चाकांच्या खुर्चीसकट कोण उचलणार, वाद्यवाले कुठून येणार, असले प्रश्न मी मनातच ठेवले. आणि वर असंही ठरलं, की दोघा वडिलांनी आधी जाऊन, एक रात्र मुक्काम करून, जागा पाहून यावी.

"डॉक्टर तयार आहेत?" मी आशेनं विचारलं.

"ते तर उड्या मारतायत, असं कॉलिन म्हणाला."

मी नोरीनकडे पाहिलं. ती मोजे जोडत होती. "जा की," ती म्हणाली. "तुझीच आवड आहे." चोवीस वर्षांच्या संसारात बायको कधी टोमणा मारते आणि कधी मारत नाही, हे मला अजून ओळखता येत नाही.

बातमी शेजारी फ्लॉइडला कळली. फ्लॉइड कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला की समजायचं, आता आपल्या आयुष्यात काहीतरी कमी आहे हे आपल्याला कळणार.

"लून तळं?" तो म्हणाला. "अस्वलं आहेत तिथं."

"असतील लांब कुठेतरी."

"लांब कशाला? तळ्यावरच. काळी. आता ऐक, काळं अस्वल आलं तर मेल्यासारखं पडून राहायचं. तपकिरी आलं तर भांडायचं." तो थांबला. "की काळ्याशी भांडायचं? थांब, विचारून सांगतो."

तो कुणाला विचारणार होता देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्यानं कुंपणावरून ओरडून सांगितलं, "भांडायचं! काळ्याशी भांडायचं!" मी तेव्हा गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला आलो होतो. ते गिऱ्हाईक सावळं होतं. नंतर ते कधी आलं नाही.

समोरच्या क्रुपाबाई म्हणाल्या, पिशवीला घंटा बांध, आवाजानं अस्वल लांब राहतं. त्यांच्या भाच्यानं घंटा बांधली होती. भाच्याचं पुढं काय झालं, विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो कॅनडात असतो." यातून काय बोध घ्यायचा ते मला कळलं नाही. फ्लॉइडनं त्याच्या बोटीवरचा भोंगा आणून दिला. डब्यावरचं बटण दाबलं की असा आवाज, की आमच्या गल्लीतली सगळी कुत्री तासभर भुंकत होती आणि क्रुपाबाईंनी पोलिसांना फोन केला होता. पोलीस आला, त्यानं भोंगा पाहिला आणि म्हणाला, "अस्वल? मग काही हरकत नाही. पण जंगलात वाजवा." माझं वय बावन्न आहे. माझ्या दारात त्याआधी पोलीस आला नव्हता.

खरी अडचण डब्याची होती. त्या भागात रात्र काढायची तर सगळं अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायलाच हवं, असा नियम आहे. जाड प्लॅस्टिकचं पिंप, गुळगुळीत, अस्वलाच्या पंजाला कुठंही पकड मिळू नये असं. आमच्या गावच्या वाचनालयात ही पिंपं पुस्तकांसारखी घरी न्यायला मिळतात. मी कार्ड पुढं केलं. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो चष्मा मीच दिलेला होता.

"मिस्टर स्ट्राउड, तुमच्या नावावर एक पुस्तक बाकी आहे. ‘हॅमस्टर कसा पाळावा’."

हॅमस्टर कॅथलीनच्या तिसरीतला. तो आता स्वर्गात आहे. मी तसं सांगितलं.

"त्याबद्दल वाईट वाटलं," बाई म्हणाल्या, "पण पुस्तक आल्याशिवाय पिंप मिळणार नाही."

दोन संध्याकाळी मी माळ्यावर खोकत घालवल्या. पुस्तक शेवटी नोरीनच्या शिलाई मशीनच्या एका पायाखाली सापडलं. ते काढल्यावर मशीन डगमगायला लागलं, ते आजतागायत डगमगतं. पण पिंप मिळालं.

शनिवारी सकाळी डॉक्टर मला घ्यायला आले. नवे बूट, नवी टोपी, नवी काठी. पाठीवरच्या पिशवीला दुकानाची चिठ्ठी लटकत होती, पण ती माझ्याही पिशवीला लटकत होती म्हणून मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, खरे शौकीन दर मोसमात नवं सामान घेत असतील. त्यांनीही बहुधा तेच म्हटलं असावं.

वाट सुरू होते तिथं वनखात्याची एक तरुण मुलगी उभी होती. हिरवा गणवेश, डोक्यावर टोपी, आणि माझ्या मुलीच्या वयाची असूनही आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं ओळीत उभं करायची ताकद.

"पिंप आहे? छान. आत काय?"

मी अभिमानानं सांगितलं. हॅम सँडविच, शेंगदाण्याचं लोणी, नोरीननं सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय.

"टूथपेस्ट? साबण? मलम?"

"ते पिशवीत."

"वास येणारं सगळं पिंपात. सगळं." मग ती पुढं झुकली आणि तिनं हवेत वास घेतला. "हा कसला?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "दाढीनंतर लावतो ते."

"आणि हा?"

"गुडघ्याला चोळायचं," मी म्हणालो. "लव्हेंडर आहे त्यात."

"तुम्हा दोघांनाच पिंपात बसवायला हवं," ती म्हणाली. आणि ती हसत नव्हती. आम्ही ओढ्यावर जाऊन तोंड आणि गुडघे धुतले, टूथपेस्ट, मलम, सगळं पिंपात कोंबलं. ॲपल पाय चेपून सपाट झाला. मग तिनं सांगितलं, आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या, जणू आम्हाला हे सगळं जन्मापासून माहीत आहे.

"वाटेनं बोलत राहा, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. त्याला दचकवायचं नाही. समोर आलंच तर पळू नका, तुमच्यापेक्षा ते जोरात पळतं. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. जवळजवळ उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, शांत आवाजात बोलत राहा आणि हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट ठेवा. तुमच्याकडून त्याला खायला काही मिळता कामा नये. अंगावरच आलं, तर मात्र पडून राहू नका, सगळ्या ताकदीनं प्रतिकार करा."

म्हणजे फ्लॉइड दुसऱ्या दिवशी बरोबर बोलला होता. हे मला फार लागलं.

बोलत राहा! मला वाटलं होतं, जंगलात निदान शांतता तरी असेल. ज्या माणसाशी एका कोंबडीपुरतंही संभाषण पुरलं नव्हतं, त्याच्याशी आता डोंगर संपेपर्यंत बोलायचं, आणि तेही मोठ्यानं!

"हवा चांगली आहे!" मी ओरडलो.

"उत्तम!" डॉक्टर ओरडले.

हवा पहिल्या चढणीतच संपली. मग आयकर, मग कॉलिनचं लहानपण, मग कॅथलीनचं. मग दोघंही धापा टाकत होतो आणि विषय उरला नव्हता. झुडपात काहीतरी खुसखुसलं. माझी बोबडी वळली आणि तोंडातून जे पाठ होतं तेच बाहेर पडायला लागलं. दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं. "ई! एफ! पी! टी, ओ, झेड!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीही सुरू केलं, "पटाशी! सुळा! उपदाढ! दाढ!"

खारीनं झुडपातून तोंड काढलं आणि ती निघून गेली. असे आम्ही, एक अक्षरं म्हणत आणि एक दात मोजत, लून तळ्यावर पोचलो. वाटेत एक तरुण जोडपं भेटलं. त्यांनी आम्हाला फार आदरानं वाट दिली.

तळं सुंदर होतं, हे मला मान्य करायला हवं. गवतही होतं. गवतात डास होते, आणि डासांना माणसं फार दिवसांनी भेटली होती. तंबू उभा राहिला, तो एका बाजूला बसल्यासारखा. पण ऊन अजून उरलं होतं, पोटात कावळे ओरडत होते आणि सकाळपासून ज्या ॲपल पायची मी मनात आठवण काढत होतो तो पिंपात होता. तंबूपासून खूप दूर बसून जेवायचं, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. आम्ही पिंप घेऊन एका खडकाजवळ बसलो.

पिंपाच्या झाकणाला दोन खाचा होत्या. त्यात नाणं घालून फिरवायचं, असं वर चित्र होतं.

"नाणं आहे का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी खिसे चाचपले. "कार्ड आहे."

माझ्याकडेही कार्डच होतं. आजकाल कोण नाणी बाळगतं? डॉक्टरांनी कार्ड खाचेत घालून फिरवलं, ते तुटलं. त्यांनी गाडीची किल्ली घातली, ती वाकायला लागल्यावर आम्ही दोघांनी एकदमच ‘नको’ म्हटलं, कारण घरी जायचं होतं. माझ्याजवळ चष्म्याचा छोटा स्क्रू पिळायचा पेचकस कायम असतो. तो खाचेत घातला तर आत पडेल की काय असा दिसत होता. मी झाकणावर दगड मारला. दगडाचा कपचा उडाला.

"अस्वलाला उघडत नाही, याची खात्री पटली," डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा मी ऐकलेला पहिला विनोद. पण त्यांचा चेहरा हसत नव्हता, कारण ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

मी वळलो.

अस्वल काळं होतं. नाक तेवढं बदामी. ते गवताच्या कडेला उभं होतं आणि त्यानं नाक उचललं होतं. चित्रात अस्वल असतं तेव्हा त्याच्याभोवती चौकट असते. इथं चौकट नव्हती.

"भोंगा," डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले.

"पिशवीच्या तळाशी."

"आणि पिशवी?"

"तंबूत."

आम्ही उठलो. पाय पळायला निघाले होते, त्यांना मी तिथंच धरून ठेवलं. दोघांनी हात वर केले, खांद्याला खांदा लावला आणि हळूहळू मागे सरकायला लागलो. पिंप मधे राहिलं. अस्वल पुढं आलं. त्यानं पिंपाचा वास घेतला, मग आमच्याकडे पाहून फूत्कार टाकला, पंजा जमिनीवर आपटला आणि दात कटकट वाजवले.

"बोला," मी कुजबुजलो. "शांत आवाजात बोलायचंय."

आणि तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून असा आवाज आला की मी तो आधी ऐकलाच नव्हता. मऊ, खालचा, मधासारखा. "काही नाही हं. काही दुखणार नाही. घाबरू नकोस. मोठा श्वास घे." मग त्याच सुरात मला म्हणाले, "वेंडेल, ते घाबरलंय. दात कसे वाजवतंय बघ. खुर्चीत बसल्यावर माझे सगळे पेशंट हेच करतात."

"आपणही घाबरलोय हे त्याला कळेल का?" मी शक्य तितक्या मधाळ आवाजात विचारलं.

"मी फार घाबरलोय," डॉक्टर गोड सुरात म्हणाले. "तुम्हाला म्हणून सांगतो. तुम्हाला सवय आहे याची."

"मला कसली सवय?"

"जंगलाची. तुम्हाला जंगल आवडतं ना."

अस्वलानं पिंप उलटं केलं. त्यावर दोन्ही पंजे ठेवून ते ढकलायला लागलं. मी हात वर ठेवूनच, अंगाई म्हणावी तशा आवाजात म्हणालो, "डॉक्टर, मला जंगल अजिबात आवडत नाही. मी जन्मात तंबूत झोपलो नाही. जंगल तुम्हाला आवडतं."

"मला डासांची ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "आहाहा, शहाणं अस्वल. मी बूट गुरुवारी घेतले."

"मी बुधवारी. मग त्या दिवशी तुम्ही ‘माझ्या मनातलं बोललात’ का म्हणालात?"

"तुम्ही पाहुणे होतात. काहीतरी म्हणायला हवं होतं."

"मग इथं यायला हो का म्हणालात?"

अस्वल पिंपावर बसलं. खरंच बसलं, आणि त्याच्या वजनानंही पिंपाला काही झालं नाही. मी कोपरानं ढोसलं, कारण बोलणं थांबवायचं नव्हतं.

"हेलन गेल्यापासून मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ होता, पण तो आता अस्वलासाठी नव्हता. "लोकांना वाटतं, दुःखात आहे, कशाला त्रास द्या. कॉलिन म्हणाला, वेंडेलला तुम्ही बरोबर हवे आहात. मी म्हटलं, डोंगर तर डोंगर."

माझे हात वर होते, दंड भरून आले होते, नाकावर डास बसला होता. मी म्हणालो, "अरे, मग घरी ये की. आमच्याकडे छप्पर आहे."

आणि ऑरिन हसला. हात वर करून, अस्वलासमोर, पोट हलेपर्यंत हसला. मलाही हसू आवरेना. अस्वलानं आमच्याकडे पाहिलं. दोन उंच, हलणारे, मोठ्यानं खिंकाळणारे प्राणी. पिंप उघडत नव्हतं आणि ह्यांचं काही खरं दिसत नव्हतं. त्यानं पिंपाला शेवटची एक थप्पड मारली, पाठ वळवली आणि कंटाळलेल्या गिऱ्हाइकासारखं झाडांत निघून गेलं.

माझा जीव भांड्यात पडला, पण भांडं अजून जंगलातच होतं.

"मुक्काम करायचा?" मी विचारलं.

"तुझं मत काय?"

इतका छान सवाल मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. आम्ही तंबू गुंडाळला नाही, कोंबला. सूर्य मावळायच्या आत गाडीशी पोचायचं म्हणून उतरताना जवळजवळ धावतच होतो, आणि या वेळी बोलायला विषय कमी पडला नाही. एकमेकांच्या मुलांची लबाडी, चर्चच्या हॉलमधला पंखा, हेलनला नाचायला किती आवडायचं, नोरीनची मावशी. वाटेत अस्वलं असतील तर ती कंटाळून दुसऱ्या राज्यात गेली असतील.

खाली ती वनखात्याची मुलगी फाटक लावत होती. आम्ही सगळं सांगितलं. पळालो नाही, चढलो नाही, हात वर ठेवले आणि त्याला खायला काही मिळालं नाही.

"अगदी बरोबर केलंत," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "पण तुम्ही लवकर का आलात? जेवलात ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग ऑरिननं पिंप पुढं केलं. तिनं खिशातून नाणं काढलं आणि झाकण फिरवलं. ते अर्ध्या वळणात उघडलं. आम्ही गाडीत बसून, काचा वर करून, लव्हेंडरचा वास लागलेली सँडविचं आणि सपाट झालेला ॲपल पाय चमच्याशिवाय, बोटांनी संपवला. त्याहून चांगलं जेवण मला आठवत नाही.

घरी पोचलो तेव्हा कॅथलीन पायरीवर बसली होती. मला पाहून ती उभी राहिली. "डॅड! काय झालं? जागा आवडली नाही?"

मी गाडीत भाषण तयार केलं होतं. ते सगळं विसरलो. "बाळा," मी म्हणालो, "मला डोंगर आवडत नाहीत. ऑरिनलाही नाहीत. तिथं अस्वल आहे. पण तुम्हाला तिथंच लग्न करायचं असेल, तर मी मावशीला खुर्चीसकट उचलून नेईन."

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, मुलगी रडतेय. रडतच होती, पण हसतही होती. "आम्हाला नको होतं रे तिथं," ती म्हणाली. "कधीच नको होतं. मला पांढरा पोशाख चिखलातून ओढत न्यायचा नव्हता. कॉलिनला डासांची ॲलर्जी आहे. पण तुम्ही दोघं इतके खूश दिसत होता!"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. बूट काढले. टाचेला फोड आला होता. त्याकडे पाहूनही मला बरं वाटलं.

नोरीन दारात येऊन उभी होती. "हॉल मी सोडलाच नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुम्ही दोघं जाऊन या. आत ये, सूप गरम आहे."

जेवून खुर्चीत टेकतो न टेकतो तोच फोन वाजला.

"सांगितलंस?" ऑरिननं विचारलं.

"सांगितलं. हॉल पक्का."

पलीकडे त्याच्या मागून कॉलिनची आनंदानं मारलेली आरोळी ऐकू आली.

"वेंडेल," ऑरिन म्हणाला, "उद्या काय करतोयस?"

"काही नाही."

"येऊ का?"

"ये," मी म्हणालो. "जेवायलाच ये."